भिंतीवरचा चौकोन कोराच आहे

मा. संपादक साहेब, स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एक फोटो होता. नव्या आरोग्य उपकेंद्राचं लोकार्पण, झेंडूच्या माळा, चकाचक टाइल्स, आणि फीत कापायला आठ-दहा जण एकमेकाच्या खांद्यावरून डोकावून राहिले. फोटो पाहून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, इमारत पाहिजेच. पण बातमी मी दोनदा वाचली आणि त्या इमारतीत बसणार कोण हे काही सापडलं नाही. सिस्टर नवीन आली का, आरोग्य सेवक दिला का, की जुन्याच सिस्टरला दोन गावांसोबत हेही गाव लावून दिलं, त्याबद्दल एक ओळ नाही. खर्चाचा आकडा मात्र लाखासकट छापलेला. म्हणून हे पत्र लिहून राहिलो. मोबाइलवर टाइप करतोय, चूकभूल समजून घ्या.

मी या खात्यात ३१ वर्षं काढली. आधी आरोग्य सेवक, शेवटची सात-आठ वर्षं आरोग्य सहाय्यक. पण गावात आम्हाला या नावानं कोणी हाक मारली नाही, आम्ही म्हणजे 'मलेरियावाला'. सायकल, खांद्याला पिशवी, पिशवीत काचेच्या स्लाइडचा डबा, टोचायची सुई, स्पिरिटचा कापूस, क्लोरोक्विनच्या गोळ्या आणि रजिस्टर. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घर. ताप आहे का, येऊन गेला का, बाहेरगावचा पाहुणा आला का, कोणी कामाला तेलंगणात नाहीतर चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाऊन आलं का. ताप असला की बोटाला टोचून मलेरिया तपासायला रक्ताची स्लाइड घ्यायची आणि निघताना दाराजवळ भिंतीवर गेरूनं आखलेल्या चौकोनात तारीख टाकून सही करायची. तो चौकोन म्हणजे आमची हजेरी होती. साहेब तपासणीला आले की रजिस्टर नंतर मागायचे, आधी भिंत पाहायचे.

परवा बाजूच्या गावी तेरवीला गेलो होतो. तिथं एका जुन्या मातीच्या घराच्या भिंतीवर तसा चौकोन अजून दिसला. गेरू उडाला होता, पण शेवटच्या तारखेचं साल वाचता येत होतं, २०१३. ओट्यावर आजी बसली होती, तिनं मला बरोबर ओळखलं. "तू तो मलेरियावाला ना रे बापू? आता काऊन येत नाही कोणी?" म्हटलं आजी, मी रिटायर झालो. तर म्हणते, "तू झाला हे समजलं, पण तुह्या जागेवर कोण आलं?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि सांगायचं म्हणजे पेपरातल्या त्या बातमीतही नव्हतं.

आता थोडा हिशोब सांगतो, लोकांना माहीत नसतो म्हणून. सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० ला एक. ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी, आदिवासी भागात २०,००० ला. उपकेंद्रात एक बाई आणि एक माणूस, म्हणजे एक आरोग्य सेविका (गाव जिला सिस्टर म्हणते ती) आणि एक आरोग्य सेवक, ही जोडी केंद्र सरकारच्या १९७३ च्या कर्तारसिंग समितीपासून ठरलेली आहे. बाईनं बाळंतपणं, लसी, गरोदर माता पाहायच्या आणि माणसानं ताप, पाणी, साथी, डासांची फवारणी पाहायची, असं साधारण वाटप. पण सेविकेच्या पगाराला केंद्राचा पैसा येत राहिला आणि सेवकाचा पगार राज्याच्या गळ्यात. मग राज्याला पैसे वाचवायचे असले की आधी कोणती जागा रिकामी राहील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आमच्या भागात एकेका आरोग्य सेवकाकडे तीन तीन उपकेंद्रांचा चार्ज आहे. तीन उपकेंद्रं म्हणजे बारा-पंधरा गावं. तो बिचारा फिरतो म्हणजे काय करतो, ग्रामपंचायतीत जातो, शिक्का घेतो, पुढच्या गावाला निघतो. आणि हे सारे हिशोब २०११ च्या जनगणनेवर. तेव्हापासून गावाबाहेर किती ले-आउट पडले आणि किती वीटभट्ट्या झाल्या, ते कागदाला माहीतच नाही.

लोकांना वाटतं आरोग्य खातं म्हणजे डॉक्टर. आमदार साहेबांना निवेदन देतात त्यातही "एमबीबीएस डॉक्टर द्या" एवढंच असतं. डॉक्टर पाहिजे, नाही कोण म्हणतो. पण डॉक्टरच्या टेबलापर्यंत जो येतो तेवढाच डॉक्टरला दिसतो. घरात पडून आहे तो, बोगस डॉक्टरकडून सलाईन लावून घेतो तो, "होईल बरं" म्हणून डवरणीला जातो तो, हे सारे त्यालाच दिसतात जो दारापर्यंत जातो.

एक जुनी गोष्ट सांगतो. ९६ किंवा ९७ साल असेल. तान्ह्या पोळ्याचा दिवस. एका गावातून निरोप आला, हगवण-उलट्यांचे पेशंट वाढून राहिले. डॉक्टर साहेब जीपनं गेले, शाळेत सतरंज्या टाकून सलाईनी सुरू केल्या. गावाचं म्हणणं एकच, पोळ्याचं जेवण बाधलं, पुरणपोळी जास्त झाली. एक म्हातारा आम्ही पोचायच्या आधीच गेला होता. आता मला काही वेगळी अक्कल होती असं नाही, पण आमच्या एका जुन्या सहाय्यकांनी एक सवय लावली होती, साथ लागली की आधी मोजायचं, आणि गल्लीवार मोजायचं. रजिस्टरच्या मागच्या पानावर गावाचा नकाशा काढला, देऊळ, शाळा, टाकी, नाला, आणि जिथं पेशंट तिथं टिकली. १९ पेशंट झाले, त्यातले १६ नाल्याच्या पलीकडचे. पुरणपोळी तर साऱ्या गावानं खाल्ली होती. मग बाधायला नाल्यापलीकडचीच पोटं सापडली का?

मग ओटी टेस्टची बाटली काढली, पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणारी. टाकीखालच्या नळाचं पाणी, पिवळं धमक. म्हणजे टीसीएल, आपली ब्लीचिंग पावडर, पडलंय. देवळाजवळचा नळ, फिक्कट पिवळा. नाला ओलांडून गेलो, पहिला नळ, रंगच नाही. दुसरा, रंग नाही. पाणीवाल्याला विचारलं तर तो म्हणे तिकडं दोन-तीन दिवसांपासून प्रेशर कमी आहे. त्याला घेऊन नाल्यात उतरलो. पाइप नाल्याच्या पोटातून गेलेला, बैल धुवायला आणले होते तिथंच जॉइंट उखडलेला. पोळ्याला साऱ्या गावाचे बैल तिथंच धुतलेले. नळ चालू असताना पाणी बाहेर फेकायचं, म्हणून वर प्रेशर कमी, आणि नळ बंद झाला की तोच पाइप नाल्यातलं पाणी आत ओढायचा. मग संध्याकाळी नळ सोडला की पहिला हंडा तो. ट्यूबचं रबर गुंडाळून तात्पुरता बांधला, तिकडच्या वस्तीला टँकर लावला, घरोघर पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या दिल्या. चौथ्या दिवसापासून नवीन पेशंट नाही.

हे मी माझी फुशारकी म्हणून सांगून राहिलो नाही. तो जॉइंट कोणत्याही गोळीनं सापडला नसता. डॉक्टर साहेब सलाईन लावत राहिले असते आणि पाइप पेशंट पाठवत राहिला असता. सापडला कारण त्या भागात चार वर्षांपासून फिरणारा एक माणूस होता, त्याला गल्ल्या पाठ होत्या, पाणीवाल्याशी चहा-तंबाखूची ओळख होती, हातात चार आण्याची टेस्ट होती, आणि मोजायचं कसं हे त्याला कोणीतरी शिकवलं होतं. यातलं एक जरी कमी असतं तर पुरणपोळीवरच बिल फाटलं असतं.

आज त्या गावात साथ लागली तर कोण मोजणार? टीसीएल टाकणं ग्रामपंचायतीच्या माणसाकडे, त्याचा पगार कधी होतो कधी नाही. टीसीएलचं पोतं एकदा उघडलं आणि ओलीत राहिलं की क्लोरीन उडून जातो, मागं उरतो चुना. ते पोतं ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात झेंड्याच्या काठीशेजारी दोन दोन पावसाळे पडून असतं, आणि टाकणारा इमानदारीनं चुनाच टाकतो. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याच्या स्रोतांची तपासणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं, पद्धत चांगली आहे. पण साथ काही कार्ड पाहून येत नाही ना, ती जुलै-ऑगस्टमध्येच येते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र खास आत्ता लिहिलं ते सांगतो. फवारणीचा सीझन तोंडावर आहे. २०१७ आपण विसरलो का? यवतमाळ जिल्ह्यात त्या साली फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, चौकशीला एसआयटी, म्हणजे विशेष पथक, बसलं. बातमी राज्यभर गाजली ती सप्टेंबर संपता संपता. पण पेशंट काय एका रात्रीत आले होते? पावसाळ्यापासून एक इथं, दोन तिथं असे येऊन राहिले होते, कोणी पीएचसीत, कोणी खाजगीत, कोणी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. कोणाच्या तरी टेबलावर आठवड्याला हे सारे एका कागदावर आले असते तर ऑगस्टमध्येच दवंडी देता आली असती, असं मला आजही वाटते.

मागच्या वर्षीचं डोळ्यांदेखतचं सांगतो. आमच्या धुऱ्याला लागून एकाच्या शेतात फवारणी चालू होती, कपाशी छातीला लागलेली, दुपारचं ऊन, वारा समोरून, मजुराच्या पाठीवर पंप आणि औषध दोन-तीन प्रकारचं मिसळलेलं. शर्ट पूर्ण ओला. चारच्या सुमारास तो बांधावरच्या बाभळीखाली येऊन बसला, म्हणे काका डोळ्याला अंधारी येऊन राहिली. तोंडाला लाळ, घाम असा की अंघोळ केल्यासारखा, आणि डोळ्यांत पाहिलं तर बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला, कारण ती खूण मी ओळखतो. कपडे काढले, विहिरीवर नेऊन साबणानं धुतलं, १०८ ला फोन लावला. उपकेंद्र दोन किलोमीटरवर, पण कुलूप. सिस्टर लसीकरणाच्या सेशनला दुसऱ्या गावी, तिची चूक काहीच नाही, तिनं एका दिवशी दोन ठिकाणी कसं राहायचं? पांदण रस्त्यात चिखल, ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यावरच थांबणार, म्हणून ट्रॅक्टरवर टाकून तिथपर्यंत नेला. पुढं दवाखान्यात ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, चालू झालं, वाचला पोट्टा. तीन आठवड्यांनी परत पंप पाठीवर. त्याला विचारलं तर म्हणे, काका, रोजी कोण देईल?

आता मला सांगा, तालुक्यात त्या आठवड्यात असे किती झाले? जे भरती झाले ते दवाखान्याच्या कागदावर. जे घरी ओकून झोपले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारायला गेले, ते कुठंच नाही. सीझनच्या आधी आरोग्य सेवक आणि कृषी सहाय्यक दोघांनी मिळून गावातल्या फवारणाऱ्या मजुरांची यादी केली, आठवड्यातून एक चक्कर मारली, डोकं दुखते का, मळमळते का, डोळे कसे आहेत एवढं विचारलं, तर काय खर्च येतो? पीएचसीत ॲट्रोपिनचा साठा आहे का, नाइटला ते द्यायला माणूस आहे का, विषबाधा किती ते कळायला रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासायचं तर सॅम्पल कुठं जाईल आणि रिपोर्ट कधी येईल, हे जुलैमध्येच ठरलेलं पाहिजे. आणि सगळ्याच विषांना ॲट्रोपिन चालत नाही, म्हणून डबा नाहीतर बाटलीचं लेबल सोबत न्यायचं, एवढं तरी मजुराच्या घरच्यांना माहीत पाहिजे. हे सांगणारा माणूस म्हणजेच ती रिकामी जागा.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसचे पेशंट निघाले होते ते आठवते? गवतातल्या बारीकशा किड्याच्या पिल्लानं चावल्यानं होणारा ताप. काखेत, जांघेत, पट्ट्याखाली एक काळी खपली पडते, कपडे काढून पाहिलं तर दिसते, नाही पाहिलं तर 'व्हायरल' म्हणून जाते. डॉक्सीसायक्लिन म्हणजे काही महागडं औषध नाही, पण आधी कोणाच्या तरी डोक्यात शंका यायला पाहिजे. ही शंका यायला शिकवावं लागते, आणि दर दोन-तीन वर्षांनी परत शिकवावं लागते. आमच्या वेळी ट्रेनिंग म्हणजे दोन दिवस, जेवण, फाइल-पेन आणि ग्रुप फोटो. आता तेही ऑनलाइन, म्हणजे व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडायची.

आणि जे आहेत त्यांच्याकडून आपण काय करून घेऊन राहिलो ते पाहा. आमच्या गावची सिस्टर रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीखाली उभी दिसते. लोकांना वाटायचं कोणाशी बोलते एवढं. तर तिथंच रेंज येते. सारी नोंद सरकारी ॲप-पोर्टलवर, गरोदर बाई आरसीएचवर, तीच बाई अनमोलवर, बाळाची लस यू-विनवर, शुगर-बीपी एनसीडीवर, टीबी निक्षयवर, तापाचे संशयित आयएचआयपीवर, वरून आयुष्मान कार्ड आणि आभा, म्हणजे आरोग्याचा नंबर. आणि एवढं करून जाडं रजिस्टर सुटलेलं नाहीच, कारण साहेबांना रजिस्टर पाहिजे. मला म्हणाली, "काका, पेशंटला हात लावायला वेळ नाही, दिवसभर मोबाइललाच हात लावून राहते." मी म्हटलं, बाई, वरून कधी काही परत येते का, की तुझ्या भागात ताप मागच्या महिन्यापेक्षा जास्त आहे, जरा पाहून घे? ती हसली. म्हणे परत येते ना, 'एन्ट्री पेंडिंग' म्हणून.

ॲपला माझा विरोध नाही. कागद जळतो, उंदीर खातो, ॲप बरं. पण तालुक्याला एक तरी माणूस असा पाहिजे ज्याचं कामच हे, आलेले आकडे रोज पाहायचे आणि कुठं काही उचल खाऊन राहिलं की फोन करायचा. टीएचओ, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी साहेबांकडे मीटिंगा, शिबिरं, व्हीआयपी दौरे, कोर्ट, तक्रारी, त्यात ते कधी पाहणार? तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचं वेगळं खातं आणि वेगळं केडर, म्हणजे अधिकाऱ्यांची वेगळी फळी, फार आधीपासून आहे, तिथला पब्लिक हेल्थचा कायदाच १९३९ चा. दवाखाना चालवणारे वेगळे आणि साथी-पाणी पाहणारे वेगळे. केंद्रानंही २०२२ मध्ये राज्यांना असं केडर उभं करायच्या सूचना दिल्या. आपल्याकडे तोच डॉक्टर सकाळी ओपीडी करतो, दुपारी पोस्टमॉर्टेम करतो आणि संध्याकाळी त्यानंच साथीचा अभ्यास करावा अशी अपेक्षा. त्यात पीएचसी जिल्हा परिषदेची, ग्रामीण रुग्णालय सिव्हिल सर्जनच्या हाताखाली, हिवतापाचं ऑफिस आणखी वेगळं. पेशंट एकच, चपराशी तिघांचे वेगळे.

शिकवायला लोक नाहीत असंही नाही. नागपुरात सार्वजनिक आरोग्य संस्था आहे, सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ पासून खेड्यापाड्यात पोरं पाठवते. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला शिकवून ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. आज देशभर आशा ताई बाळंतिणीच्या घरी सहा-सात चकरा मारते ते त्याच कामातून आलेलं आहे. हे बाहेरून आणायचं नाही, आपल्या विदर्भातलंच आहे. फक्त त्यात एक गोष्ट आपण सोयीनं विसरलो, त्या बायांना शिकवणारा आणि त्यांचं काम घरी जाऊन तपासणारा माणूस मागं कायम उभा होता. आपण आशाला बॅग दिली, साडी दिली आणि कामाची यादी दिली. मोबदल्यासाठी तिला आझाद मैदानावर बसावं लागलं.

आता भरतीचं. आमच्या गल्लीतला एक पोरगा आहे. डासांच्या फवारणीचं हंगामी काम केलेलं, ९० दिवसांचं सर्टिफिकेट आहे, आरोग्य सेवकाच्या निम्म्या जागा अशा पोरांसाठी असतात. २०१९ च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदेची जाहिरात निघाली, फॉर्म भरला. मग कोरोना, मग परीक्षा पुढं, मग ती जाहिरातच रद्द. २०२१ ला आरोग्य विभागाचा पेपर फुटला ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा जाहिरात, साऱ्या जिल्हा परिषदा मिळून १९,४६० जागा, फॉर्मची फी हजाराच्या घरात. पोराचं लग्न राहिलं, वय निघून चाललं, आता तो तालुक्याला मोबाइलच्या दुकानात बसतो. ज्या पोराला गावातलं प्रत्येक गटार आणि प्रत्येक टाकं माहीत आहे तो स्क्रीनगार्ड लावून राहिला आणि आपण म्हणतो डेंग्यू का वाढला.

जे कंत्राटावर आहेत त्यांचं वेगळंच. एनएचएमचे, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे लोक २०२३ ला संपावर गेले, २०२५ च्या ऑगस्टमध्ये परत गेले. दहा वर्षं झालेल्यांना सामावून घेऊ म्हणून मार्च २०२४ ला जीआर निघाला, त्याचीच अंमलबजावणी मागायला परत संप करावा लागतो म्हणजे काय म्हणावं. लॅब टेक्निशियन कंत्राटी, फार्मासिस्ट कंत्राटी, सिस्टर कंत्राटी. ज्याला पुढच्या वर्षी ऑर्डर मिळते की नाही माहीत नाही तो गावाशी ओळख कशाला वाढवेल? १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यांत उपचार फुकट झाले, चांगला निर्णय, ओपीडी वाढली. पण काउंटरच्या आतली माणसं तेवढीच.

आता आमच्या बाजूचंही थोडं सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा फक्त सरकारला बोलून राहिला. आमच्यातले सारे काही धुतल्या तांदळाचे नव्हते. घरी बसून चौकोनात महिन्याभराच्या तारखा एकदम टाकणारे होते. एकच बोट टोचून पाच स्लाइडी करणारे होते. मुख्यालयी राहतो म्हणून ग्रामसभेचा ठराव घ्यायचा, घरभाडं उचलायचं आणि रोज एसटीनं तालुक्याहून अपडाउन करायचं, हे तर किती जणांनी केलं. मीही केलं, पहिली दोन वर्षं. क्वार्टर होतं, पण त्याच्या छतातून आकाश दिसायचं, संडासाला दार नव्हतं, बायको म्हणाली मी इथं राहत नाही. आजही कित्येक ठिकाणी तसंच आहे, फक्त आता भोवती बाभळी वाढल्या. एकट्या सिस्टरनं रात्री तिथं कसं राहायचं हे ठराव मागणाऱ्यांनी एकदा तिथं झोपून पाहावं. नव्या इमारतीच्या फोटोत मी तेही शोधलं, मागं राहायची खोली आहे का. दिसली नाही.

म्हणून माझं म्हणणं आपल्या पेपरमार्फत जिल्हा परिषदेच्या आणि राज्याच्या साहेबांपर्यंत पोचवा. लोकार्पणाच्या बातमीसोबत मंजूर पदं किती, भरलेली किती, हे छापायची सवय आपल्या बातमीदारांनी लावावी, एवढं तर आपल्याच हातात आहे. आरोग्य सेवकाच्या जागा आधी भरा. ज्याला घ्याल त्याला मोजायला शिकवा, आणि पाच वर्षं त्याच भागात राहू द्या. सिस्टरच्या हातातले निम्मे ॲप काढून एन्ट्रीसाठी पीएचसीला एक ऑपरेटर द्या. इमारतीच्या एस्टिमेटमध्येच राहायची खोली, पाणी आणि लाइट धरा. आणि आमच्यासारखे रिटायर लोक गावोगाव रिकामे बसले आहेत, गुडघे गेले पण गल्ल्या पाठ आहेत, नव्या पोरांसोबत महिनाभर फिरायला बोलावलं तर पगार नको, चहा पाजा.

जागा कमी पडली तर माझं नाल्याचं रामायण कापा, क्वार्टरचं तर कापाच, घरी वाचून भांडण होईल. पण फवारणीचा मजकूर कापू नका, आणि छापायचं तर पोळ्याच्या आधी छापा. आमच्याकडे औषध आताच भरून ठेवलं आहे दुकानदारांनी, पाऊस थांबला की दोन दिवसांत पंप निघतात.

नाव छापू नये ही विनंती, पेन्शनची एक फाइल अजून वर अडकली आहे.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यक